गार्सिया द ओर्ता : झाडांची खरी नावे विचारणारा वैद्य



यंदा आपल्या मंडळात प्रत्येक सभासदाने घरी निदान पाच औषधी झाडे लावावीत असे ठरले आणि मीही गच्चीवर कुंड्या मांडल्या. तुळस, कोरफड आणि गवती चहा घरात होतेच. अडुळशाची फांदी शेजारच्या वहिनींनी दिली. राहिली निर्गुडी. ती घ्यायला मी नर्सरीत गेलो, तर तिथल्या मुलाने सरळ मान हलवली. निर्गुडी म्हणून काही आमच्याकडे नाही, म्हणाला. मी परत फिरलो आणि फाटकाशी पोचलो, तर कुंपणालाच जांभळट तुरे आलेली निर्गुडी उभी. मुलाला बोलावून दाखवली, तेव्हा तो हसायला लागला. त्याच्या कानडीत ती लक्की. तो रोज तिला पाणी घालत होता आणि मी तिच्या शेजारून रिकाम्या हाताने निघालो होतो.

आपण सीमाभागातली माणसे. एका वस्तूला तीन नावे ही आपल्याला नवलाची गोष्ट नाही. पण औषधाच्या झाडाबाबत नाव चुकले तर रिकाम्या हाताने परतण्यापेक्षा मोठे नुकसान होऊ शकते. त्या दिवशी मला एका माणसाची आठवण झाली. त्याने साडेचारशे वर्षांपूर्वी, आपल्यापासून फार लांब नव्हे, गोव्यात, घराशेजारी औषधी झाडांची बाग केली आणि प्रत्येक झाडाचे नाव जितक्या भाषांत मिळेल तितक्या भाषांत लिहून ठेवले. त्याचे नाव गार्सिया द ओर्ता.

हे नाव माझ्या डोळ्यांखालून पूर्वी शेकडो वेळा गेले होते, हे कबूल करायला हवे. नोकरीत असताना काही वर्षे माझी बदली पणजीला होती. चर्चसमोरच्या नगरपालिकेच्या बागेत दुपारी डबा खायला आम्ही दोघे-तिघे जात असू. त्या बागेला गार्सिया द ओर्ताचे नाव आहे. असेल कुणी पोर्तुगीज गव्हर्नर, असे समजून मी कधी चौकशी केली नाही. निवृत्तीनंतर वाचायला सवड मिळाली तेव्हा कळले की तो गव्हर्नर नव्हता, वैद्य होता, आणि त्याची कहाणी डब्यासोबत ऐकण्याइतकी हलकी नव्हती.

घराणे आणि शिक्षण

गार्सियाचा जन्म १५०१ च्या सुमारास पोर्तुगालमधल्या कास्तेलो द विद या स्पेनच्या सरहद्दीजवळच्या गावात झाला. म्हणजे तोही सीमाभागातलाच. त्याचे आईवडील मूळचे स्पेनमधले ज्यू. १४९२ साली स्पेनच्या राजाराणीने ज्यूंना देशाबाहेर काढले, तेव्हा हजारो कुटुंबे पोर्तुगालमध्ये आली. त्यांतच हे कुटुंब होते. पण पाच वर्षांत पोर्तुगालच्या राजानेही फिरवले. १४९७ साली तिथल्या सगळ्या ज्यूंना सक्तीने ख्रिस्ती करण्यात आले. अशा लोकांना नवख्रिस्ती म्हणत. ते चर्चमध्ये जात, मुलांना ख्रिस्ती नावे ठेवत आणि तरीही पिढ्यान्‌पिढ्या त्यांच्याकडे संशयाने पाहिले जाई. शनिवारी चूल पेटली की नाही, डुकराचे मांस शिजले की नाही, यावर शेजाऱ्यांचा डोळा असे.

वडील व्यापारी होते. मुलगा हुशार निघाला म्हणून त्याला स्पेनमध्ये सालामांका आणि आल्काला इथल्या विद्यापीठांत पाठवले. त्या काळी वैद्यकाचा अभ्यास म्हणजे मुख्यतः जुने ग्रंथ. ग्रीक डायोस्कोरिडीस आणि गेलन, आणि अरबांपैकी इब्न सीना. या ग्रंथांत भारतातल्या औषधांचा उल्लेख जागोजागी येई. मिरी, दालचिनी, वेलदोडा, हिरडा, हळद. पण शिकवणाऱ्यांपैकी कुणी ती झाडे पाहिलेली नसत. वाळलेले तुकडे चार बंदरे फिरून युरोपच्या बाजारात येत. झाड कसे दिसते, पान कसले, फूल कसले, याबाबत एका ग्रंथातले दुसऱ्याशी जुळत नसे.

१५२३ साली गार्सिया शिक्षण संपवून गावी आला. काही वर्षे गावात वैद्यकी केली, मग लिस्बनला गेला, विद्यापीठात शिकवू लागला, दरबारापर्यंत पोचला. वरवर पाहता सगळे छान चालले होते. पण नवख्रिस्ती लोकांच्या पायाखालची जमीन तापत होती. १५३२ साली त्यांना देश सोडून जायला बंदी झाली. इन्क्विझिशन, म्हणजे धर्माची चौकशी करणारे न्यायालय, पोर्तुगालमध्येही आणायचे प्रयत्न चालू होते. ते १५३६ साली आलेच.

त्याच्या दोन वर्षे आधी, मार्च १५३४ मध्ये, गार्सिया लिस्बनहून जहाजात बसला. मार्तिं आफोंसो द सोझा हा सरदार आरमाराचा प्रमुख म्हणून हिंदुस्थानला निघाला होता. त्याचा खासगी वैद्य म्हणून गार्सियाला जागा मिळाली. भीतीने निघाला की औषधांच्या ओढीने, याबद्दल त्याने स्वतः कुठे लिहिलेले नाही. दोन्ही कारणे पुरेशी होती. सप्टेंबरात जहाज गोव्याला लागले. तो पुन्हा कधी परतला नाही.

गोवा, दीव आणि अहमदनगर

पहिली चार वर्षे तो सोझाच्या आरमाराबरोबर फिरला. दीव, गुजरातचा किनारा, मलबार, सिंहलद्वीप. जिथे जहाज थांबेल तिथल्या बाजारात जाऊन गांधी, व्यापारी, वैद्य, हकीम यांना प्रश्न विचारायचे, हा त्याचा परिपाठ झाला. हे कुठे पिकते, झाड केवढे, कोणत्या महिन्यात फळ धरते, तुमच्याकडे याला काय म्हणतात.

१५३८ च्या सुमारास सोझा पोर्तुगालला परत गेला. गार्सिया गोव्यातच स्थिरावला. त्या वेळचे गोवा शहर म्हणजे आज आपण जुने गोवे म्हणतो ते, मांडवीच्या काठचे. अरबी घोडे, चिनी रेशीम, मलाक्काच्या लवंगा, सगळे तिथल्या धक्क्यावर उतरे. गव्हर्नर आणि व्हाइसरॉय त्याच्याकडून औषध घेत, गरीबही घेत. वैद्यकीबरोबर तो रत्नांचा आणि मसाल्यांचा व्यापारही करी. आणि घराजवळ त्याने बाग केली.

ही बाग राजेशाही नव्हती. कारंजी, पुतळे असले काही नाही. ग्रंथांतले वाद सोडवायला झाड समोर हवे, म्हणून लावलेली ती बाग होती. बाजारातून आणलेले बी, कुणी पाठवलेले रोप, घाटावरून आलेली मुळी, जे रुजेल ते रुजवायचे आणि पानाफुलापर्यंत पाहायचे. आज आपण कुंडीत जे करतो तेच, मोठ्या प्रमाणावर.

त्याच्या ज्ञानाचा दुसरा मोठा झरा अहमदनगरला होता. पहिल्या बुऱ्हाण निजामशहाशी त्याचा चांगला स्नेह जमला. शहाच्या दरबारात अरबी-फारसी जाणणारे हकीम होते आणि दख्खनी वैद्यही. इब्न सीनाचा ग्रंथ लॅटिन भाषांतरातून शिकलेल्या गार्सियाला तिथे मूळ भाषा जाणणारी माणसे भेटली. घाट चढून तो अनेकदा नगरला गेला. शहाने वेळोवेळी मिळून त्याला बारा हजारांहून अधिक पर्दाव दिले, आणि दरवर्षी काही महिने येऊन राहिलास तर चाळीस हजार पर्दावांचे उत्पन्न देतो असे सांगितले. पर्दाव हे त्या काळचे गोव्यातले नाणे. गार्सियाने ते स्वीकारले नाही. आयुष्यभर आकड्यांत काम केलेला माणूस म्हणून सांगतो, इतक्या मोठ्या रकमेला नाही म्हणणे कुणालाही जड जाते.

१५५४ च्या सुमारास त्याला मुंबईचे बेट पोर्तुगीज सरकारकडून खंडाने मिळाले. हो, आपली मुंबई. तेव्हा ती नारळी, भातखाचरे आणि कोळीवाडे असलेली बेटे होती आणि वर्षाचा खंड सुमारे चौदाशे पर्दाव होता. बेटावरच्या वाड्याला त्याने राहते रूप दिले. आज जिथे एशियाटिक सोसायटीची इमारत आहे, तिच्या मागच्या बाजूला तो वाडा होता. पुढे १६६५ साली पोर्तुगीजांनी मुंबई इंग्रजांच्या हवाली केली ती याच वाड्यात. गार्सियाला मात्र त्या बेटावरच्या एका आंब्याच्या झाडाचे कौतुक होते. त्याला वर्षातून दोनदा फळ येई, एकदा नाताळाच्या सुमारास आणि एकदा मे अखेर.

संवादांचे पुस्तक

सुमारे तीस वर्षे गोळा केलेले हे सगळे १५६३ साली पुस्तकरूपाने आले. गोव्यात छापखाना येऊन तेव्हा सातच वर्षे झाली होती. तिथे छापलेल्या अगदी सुरुवातीच्या पुस्तकांपैकी हे एक. नावाचा अर्थ साधारण असा की हिंदुस्थानातल्या वनौषधींविषयीचे संवाद. गार्सिया तेव्हा साठीच्या पुढे होता, म्हणजे आज माझे जे वय आहे त्याच्या आसपास. त्या काळी विद्वान लॅटिनमध्ये लिहीत. यानेही सुरुवात लॅटिनमध्ये केली होती. पण व्यापारी, खलाशी, साधी माणसे यांनाही वाचता यावे म्हणून अखेर पोर्तुगीजमध्ये लिहिले. छपाई सुमार होती आणि शेवटची शुद्धिपत्रकाची पानेच वीसेक भरली. याच पुस्तकाच्या आरंभी तेव्हा गोव्यात राहणाऱ्या लुईश द कामोंइश या कवीची एक कविता आहे. पुढे हा पोर्तुगालचा महाकवी ठरला. त्याची छापून आलेली ही पहिली कविता.

पुस्तकात दोघे बोलतात. एक गार्सिया स्वतः आणि दुसरा रुआनो, नुकताच युरोपातून आलेला कल्पित वैद्य. रुआनोला ग्रंथ पाठ आहेत. तो दर वेळी विचारतो की गेलन तर असे म्हणतो, मग तुम्ही वेगळे कसे सांगता? गार्सिया सांगतो की ते मी इथे डोळ्यांनी पाहिले आहे. मग आंतोनिया नावाच्या मोलकरणीला हाक जाते. ती बागेतून पान, फळ किंवा मुळी आणून समोर ठेवते आणि वाद तिथेच मिटतो. मधूनच मालुपा नावाचा स्थानिक हिंदू वैद्य येतो. नाव ऐकूनच तो आपल्याकडचा वाटतो. गार्सिया त्याला विचारतो आणि त्याचे उत्तर लिहून घेतो.

प्रत्येक झाडाची सुरुवात नावांनी होते. अरब काय म्हणतात, फारसीत काय, गुजरातेत काय, दख्खनेत काय, मलबारात काय. आमच्या बँकेच्या भाषेत बोलायचे तर त्याने प्रत्येक झाडाचे केवायसी केले. कारण नसताना नव्हे. युरोपात हिरडा, बेहडा आणि आवळा एकाच नावाखाली विकले जात. तिथल्या वैद्यांना ती एकाच जातीच्या झाडाची फळे वाटत. गार्सियाने सांगितले की ही झाडेच वेगळी आहेत, पानेही वेगळी आणि गुणही वेगळे. चिंचेला अरबांनी हिंदुस्थानी खजूर असे नाव दिले होते. त्यावरून चिंच खजुरीच्या झाडाला लागते असा समज पसरला. गार्सियाने चिंचेचे झाड, शेंग आणि चिंचोका यांचे वर्णन करून तो दूर केला.

आपल्या परसातली किती झाडे त्या पुस्तकात आहेत हे पाहिले की मौज वाटते. हळद, आले, वेलदोडा, जांभूळ, फणस, करवंद, नागवेल, मूगसुद्धा. कोकणातले भिरंड, म्हणजे कोकमाचे फळ, त्याने जवळजवळ त्याच नावाने नोंदवले. कडुनिंबाच्या पाल्याने घोड्याच्या न भरणाऱ्या जखमा भरल्या, हे लिहिले. अतिसारावर इथले लोक वापरतात त्या कुड्याची माहिती दिली. धोतरा अन्नातून देऊन चोर घर कसे लुटतात हेही सांगितले. आणि माझ्या त्या निर्गुडीवर तर स्वतंत्र संवाद आहे. दुखण्यावर आणि सुजेवर लोक ती इतकी वापरतात की छाटल्यावर पुन्हा जोमाने फुटली नसती तर एव्हाना संपलीच असती, असा त्याचा अभिप्राय. निर्गुडीच्या आजच्या शास्त्रीय नावात नेगुंडो हा शब्द आहे. आपला शब्द युरोपच्या ग्रंथांत शिरला तो गार्सिया आणि त्याच्यामागून लिहिणाऱ्यांमुळे.

एक शब्द मात्र मुद्दाम सांगण्यासारखा आहे. अजीर्णाने पोट बिघडले की आपल्या आज्या मोडशी झाली म्हणत. गोव्यात तेव्हा पटकीच्या रोगाला हाच शब्द होता आणि गार्सियाने तो ऐकला तसा लिहून घेतला. नाडी क्षीण होते, अंग गार पडून थंड घाम सुटतो, तहान भागत नाही, डोळे खोल जातात, पायांत गोळे येतात, ही सगळी लक्षणे त्याने रोग्याच्या उशाशी बसून टिपली. युरोपीय वैद्याने लिहिलेल्या पटकीच्या सुरुवातीच्या नेमक्या वर्णनांत ते मोडते. पुढे फ्रेंचांनी मोडशी हा शब्द आपल्या भाषेच्या वळणाने ऐकला आणि त्याचा अर्थ कुत्र्याची मौत असा करून टाकला! ऐकताना काळजी घेतली नाही की शब्दाचे असे होते.

गार्सिया सर्वज्ञ नव्हता. काही झाडांबाबत तो ऐकीव माहितीवर विसंबला. इथल्या वैद्यांकडे ग्रंथांचे शास्त्र नाही, नुसता अनुभव आहे, असेही त्याला वाटे. ते त्याचे अज्ञान होते, कारण चरक-सुश्रुताच्या परंपरेपर्यंत तो पोचलाच नाही. पण स्वतःच्या उपचाराने गुण आला नाही तर आपण इथल्या वैद्यांच्या पद्धतीने औषध देतो आणि रोगी बरा होतो, हे त्याने न लपवता लिहिले. राज्यकर्त्यांच्या जातीचा माणूस असे त्या काळी लिहीत नसे. आणखी एक खंत राहतेच. नगरचे हकीम, बाजारातले गांधी, बागेत खपणारी माणसे, यांच्यापैकी फारच थोड्यांची नावे पुस्तकात आली. आंतोनिया हे नुसते एक नाव. ती कुठली, तिला हे सगळे कुणी शिकवले, हे कळत नाही.

जे नाव सांगता आले नाही

आता या कहाणीचा दुसरा भाग. आंब्याच्या आणि हळदीच्या गोष्टी सांगणाऱ्या या माणसाच्या घरात आयुष्यभर काय दडलेले होते, हे त्याच्या पुस्तकातून कळत नाही.

गोव्यात त्याने ब्रियांदा द सोलिस या आपल्याच नात्यातल्या श्रीमंत मुलीशी लग्न केले. दोन मुली झाल्या, पण संसार सुखाचा झाला नाही. मागे पोर्तुगालमध्ये आई आणि बहिणी होत्या. १५४७ साली लिस्बनच्या इन्क्विझिशनने इसाबेल आणि कातारिना या दोघी बहिणींना पकडले. घरात गुप्तपणे ज्यू धर्म पाळतात हा आरोप होता. त्या सुटल्या आणि १५४९ साली आईसह गोव्याला भावाकडे आल्या. इथे समुद्रापलीकडे आपण सुरक्षित आहोत, असे त्यांना वाटले असणार.

१५६० साली इन्क्विझिशन गोव्यातही आले. गोव्याच्या हिंदूंवर, तिथे नव्याने ख्रिस्ती झालेल्यांवर आणि नवख्रिस्ती ज्यूंवर त्याने काय आणले हे गोव्यातून घरदार, देव घेऊन निघालेल्या आपल्यापैकी अनेक घराण्यांना माहीत आहे. आमच्या कुलदेवतेचे मूळ ठाणेही मांडवीच्या पलीकडचे. गार्सियाचे पुस्तक त्या न्यायालयाच्या डोळ्यांदेखत, तीन वर्षांनी छापले गेले. त्यात सगळे काही रीतसर होते. व्हाइसरॉयची परवानगी होती, सोझाला अर्पणपत्रिका होती आणि चांगल्या ख्रिस्ती माणसाची भाषा होती. व्हाइसरॉयांना औषध देणाऱ्याला हात लावायची कुणाची हिंमत झाली नाही.

१५६८ साली गार्सिया वारला. त्याच्या पाठोपाठ, त्याच वर्षी ऑक्टोबरात, कातारिनाला अटक झाली. भाऊ नव्हता, आता आडोसा उरला नव्हता. पुढच्या वर्षी, २५ ऑक्टोबर १५६९ रोजी, तिला गोव्यात जिवंत जाळण्यात आले. चौकशीत घरच्याच माणसांच्या जबान्यांतून बाहेर आले की गार्सियासुद्धा मरेपर्यंत मनाने वाडवडिलांच्या धर्मातच होता.

न्यायालयाला एवढे पुरे होते. आरोपी मेलेला असला तरी खटला संपत नसे. ४ डिसेंबर १५८० रोजी, मृत्यूनंतर बारा वर्षांनी, गार्सियाची हाडे थडग्यातून उकरून जाळली आणि राख मांडवीत टाकली. म्हणून जुन्या गोव्यात इतकी थडगी आहेत, पण त्याचे कुठेच नाही.

हे वाचले तेव्हा मी पुस्तक बाजूला ठेवून बराच वेळ बसून राहिलो. प्रत्येक झाडाला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली पाहिजे यासाठी ज्याने तीस वर्षे घालवली, त्याला स्वतःच्या घराण्याचे नाव तोंडातल्या तोंडात ठेवावे लागले. झाडाबाबत खोटे लिहायचे नाही आणि स्वतःबाबत खरे बोलायचे नाही, अशा घरात तो जगला.

पुस्तकाचा प्रवास

पुस्तक मात्र जळाले नाही. १५६४ साली, म्हणजे छापल्यानंतर वर्षभरात, क्लुसियस नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या हाती लिस्बनमध्ये एक प्रत लागली. त्याने तिचा लॅटिन सारांश करून १५६७ साली अँटवर्पला छापला. तो युरोपभर गेला आणि पुन्हा पुन्हा निघाला. पुढची कितीतरी वर्षे हिंदुस्थानी औषधांविषयी युरोपला जे ठाऊक होते, त्याचा मोठा भाग या गोव्यातल्या बागेतून गेलेला होता. १५७८ साली क्रिस्तोवांव द कॉश्ता या दुसऱ्या वैद्याने त्यावर आधारून, चित्रे घालून, स्पेनमध्ये आपला ग्रंथ काढला.

पण सारांश करताना क्लुसियसने संवाद गाळले. माहिती राहिली, बोलणारी माणसे गेली. आंतोनिया गेली, मालुपाही गेला. मूळ पोर्तुगीज पुस्तक दुर्मिळ झाले. फिकाल्योच्या काउंटने १८९१ ते १८९५ या काळात ते टिपांसह पुन्हा छापले, आणि १९१३ साली इंग्रजी भाषांतर आले. त्याच्या घराण्याची हकीकत तर १९३४ साली इन्क्विझिशनच्या कागदपत्रांच्या अभ्यासातून जगापुढे आली. ज्या दप्तरात त्याचा गुन्हा लिहिला होता, त्याच दप्तराने त्याचे खरे नाव जपून ठेवले होते. १९७१ साली पोर्तुगालने वीस एश्कुदोंच्या नोटेवर त्याचे चित्र छापले. ज्याची राख नदीत टाकली होती तो देशभराच्या खिशांत पोचला.

आपल्या कुंड्या

आता गच्चीवर परत येतो. गार्सियाचे चरित्र वाचून मी काही वैद्य झालो नाही आणि कुणाला औषध सुचवण्याच्या भानगडीत पडणार नाही. त्यासाठी वैद्य-डॉक्टर आहेत. पण त्याच्याकडून दोन सवयी उचलल्या आहेत, त्या सभासदांना सांगाव्याशा वाटल्या.

पहिली ही की झाड नावावरून घ्यायचे नाही, पाहून घ्यायचे. पान, फूल, वास, जाणत्या माणसाची खात्री, आणि मगच कुंडी. शंका असेल ते झाड शोभेला ठेवावे, पोटात घेऊ नये. धोतऱ्यासारखी झाडे तर लहान मुलांच्या घरात नकोतच.

दुसरी सवय पाट्यांची. मी प्रत्येक कुंडीत एक पाटी रोवली आहे. तिच्यावर मराठी नाव, खाली कानडी नाव, जमेल तिथे कोंकणी नाव. निर्गुडी आणि लक्की. गुळवेल आणि अमृतबळ्ळी. वेखंड आणि बजे. अडुळसा आणि आडुसोगे. आणि सगळ्यात खाली, ते रोप कुणी दिले आणि त्याची माहिती कुणी सांगितली, त्या माणसाचे नाव. अडुळशाच्या पाटीवर शेजारच्या वहिनींचे नाव घातले, तेव्हा त्यांनी आधी नको नको म्हटले आणि मग नातवाला हाताला धरून दाखवायला घेऊन आल्या.

निर्गुडीची पाटी अजून अर्धी आहे. त्या नर्सरीतल्या मुलाचे नाव विचारायचे राहून गेले. या रविवारी जाऊन विचारून येतो.

ज्यांना निर्गुडीची फांदी हवी असेल त्यांनी पावसाळ्यात माझ्याकडून न्यावी. छाटली की पुन्हा फुटते, हे आपल्याला गार्सियाने सांगूनच ठेवले आहे. येताना मात्र आपल्या घरातले एखादे रोप आणा, आणि त्याचे नाव घरात कुणी शिकवले तेही सांगा.